उसने नंदी

पाच वर्षं विधानसभेत मी शुद्ध मराठीत भांडली. "अध्यक्ष महोदय" म्हणून उभं राह्यचं अन् "धन्यवाद" म्हणून बसायचं. आता माह्या भाषेत बोलते. राग माह्या नाकावर राह्यते हे वर्धा जिल्ह्यात लहान पोट्ट्यालेबी मालूम आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते: या गोष्टीत मी चिडीन, ओरडीन, एकदोघाइले बोलीनबी. पण गोष्ट होये ती उपकाराची. धामणखेड्यानं माह्यासाठी जे केलं ते कोण्या पक्षानं नाई केलं अन् कोण्या नातेवाइकानं नाई केलं.

धामणखेडा म्हणजे समुद्रपूरच्या पुढं, फाट्यावर उतरून आत चालत जा, असं गाव. कपाशी, तूर, पाण्याची एक टाकी अन् जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. त्या शाळेवर मी मास्तरीण म्हणून गेली तवा बावीस वर्षांची होती. मी अल्लीपूरची, बौद्धाच्या घरची लेक. त्या काळात खोली पाहाले गेलं की लोक आधी आडनाव विचारत अन् मंग म्हणत, "अव, कालच देल्ली खोली दुसऱ्याले." तीनचार दारं फिरून मी अण्णाजीच्या घरी गेली. अण्णाजी तवा सरपंच. त्याइची बायको आनंदाबाई दारातच म्हणली, "बाई, ज्वारीची भाकर खातेस ना? आमच्या घरी गव्हाची पोळी सणालेच होते." मी हाव म्हणली. झाला माहा इंटरव्ह्यू. त्या घरात मी लेकीवानी राह्यली, लग्न होऊन जाईपर्यंत.

आता तान्ह्या पोळ्याचं सांगते, कारण सारं त्याच्यातच आहे. मोठ्याइचा पोळा खऱ्या बैलाइचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोट्ट्याइचा तान्हा पोळा भरते. लाकडाचे नंदी, खाली चाकं, शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरं. पोट्टे धोतर नेसून, फेटे बांधून तोरणाखाली रांग लावतात. पंच फिरून नंबर काढते. मंग पोट्टे घरोघर नंदी घेऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाई तर चिल्लर.

मी गेली त्या वर्षी धामणखेड्यात पंचावरून मारामारीची पाळी आलती. जो पंच होये तो आपल्या भाच्याले नंबर देये. शेवटी अण्णाजी म्हणले, "गावात एकच मानूस असं आहे जे कोणाचंच सोयरं नाई. ते म्हणजे आपली बाई." अन् माह्या हातात भोंग्याचा माइक देल्ला.

मी रांग पाह्यली. अण्णाजीचा पोरगा कैलास, पहिलीतला, सागवानाचा भल्ला मोठा नंदी घेऊन उभा. सर्व्याइले वाटलं नंबर तिथंच आहे. पण रांगेच्या शेवटी एका मजुराच्या पोट्ट्यानं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्याचा नंदी बांधलता, स्वतःच्या हातानं. मान हालवे तो नंदी! मी त्याले पह्यला नंबर देल्ला. कैलासनं भोकाड पसरलं अन् आपला नंदी असा आपटला का त्याचं एक शिंग तुटलं. ज्याच्या घरात राहतो त्याच्याच पोराले रडवलं, आता सामान बाहेर. तं अण्णाजीनं कैलासले कडेवर घेतलं अन् म्हणले, "निकाल पटला नाई म्हणून कोणी पंच बदलत नाई, बावा. चाल, भाकर खाऊ."

माही सारी आमदारकी त्या नंदीच्या तुटक्या शिंगावर उभी राह्यली, हे मी आजबी सांगते. पुढं जिल्हा परिषदेची जागा बाईची झाली तवा अण्णाजीनंच नाव काढलं. "जे बाई सरपंचाच्या पोराले नंबर नाई देत, ते आपल्याले फसवन काय?" एवढाच प्रचार. मी नोकरीचा राजीनामा देल्ला. निवडून आली. शिक्षण समितीची सभापती झाली, जिल्हाभर शाळा पाहात फिरली. कुठं गळका वर्ग, कुठं पोरीइले मोरी नाई, कुठं गुरुजी नाई. अधिकारी मले पाहून खुर्चीतून उठत, अर्धे मानानं अन् अर्धे भेवानं. मंग पक्षानं तिकीट देल्लं अन् मी मुंबईले गेली. पाच वर्षांत माही एक लक्षवेधी लागली, तीबी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. लहान गावच्या शाळेले दुसरा गुरुजी द्या, एवढंच मागत होती मी. मंत्र्यानं "तपासून पाहू" म्हणलं. अजून तपासूनच राह्यले असतीन.

दुसऱ्या खेपेले मी हरली. थोडीथोडकी नाई, चांगली आपटली. वर्ध्याच्या नालवाडीतल्या माह्या घरापुढं चपलाइचा ढीग राहे, तो एका रात्रीत गेला. ज्याइनं हारासाठी धक्काबुक्की केलती ते मले पाहून रस्ता ओलांडू लागले. अन् श्रावणात एक दिवस दारात अण्णाजी उभे. एवढं म्हातारं मानूस, एस.टी.नं आलते.

"बाई, तान्हा पोळा आहे. येतेस ना?"

"अण्णाजी, मी हरली ना," मी म्हणली.

"मंग? नंदीचा निकाल काढता येत नाई काय आता तुले?"

मी चहा ठेवाच्या निमित्तानं सयपाकघरात गेली अन् पदर तोंडात धरून रडली. तवापासून आजवर एकबी तान्हा पोळा मी चुकवला नाई.

औंदा पोळ्याच्या आधी कैलासचा फोन आला. आता तो शेती पाह्यते अन् शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, म्हणजे पालकाइच्या समितीचा.

"बाई, शाळा चालली."

"कुठं चालली? सहलीले?"

"मजाक नोका करू जी. पट वीसच्या खाली गेला. बंद करून पोट्टे दुसऱ्या गावच्या शाळेत जोडून राह्यले."

मले असा राग आला का फोनच फेकावा वाटला. माही शाळा! जिथं मी पह्यल्यांदा खडू धरला ते शाळा! मी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याले फोन लावला. आदेश साहेब म्हणून नवे आलते, सांगलीकडचे. माजी आमदार बोलते असं नाई म्हणलं, जुनी मास्तरीण बोलते म्हणलं.

"साहेब, तुमी गाव कागदावर पाह्यलं. एकडाव डोळ्यानं पाहा. तान्ह्या पोळ्याले या."

"तान्हा पोळा म्हणजे काय हो, बाई?"

मी सांगितलं. ते हसले. "येतो की. पण एक सांगतो, मी जे पाहीन तेच लिहिणार."

"तेच पाह्यजे," मी म्हणली.

मी एवढंच कैलासले सांगितलं, का साहेब पोट्टे पाहाले येऊन राह्यले. अन् इथंच घोळ झाला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेपुढच्या मैदानात आंब्याच्या पानाचं तोरण, मंडप, भोंगा. अण्णाजी खुर्चीत बसलेले, कानानं कमी आता, पण फेटा तसाच कडक. साहेब त्याइच्या बाजूले. अन् पोट्टे? अगा बाप्पा! रांग टाकीपर्यंत गेलती. मले आनंद झाला, खोटं कायले सांगू. वाटलं, एवढे पोट्टे असून पट नाई कसा म्हणतात?

मी रांग पाहाले निघाली. माही रीत अशी का आधी नंदी पाहाचा, मंग पोट्टं. कारण पोट्टे बदलतात, नंदी तेच राह्यतात. बापाचा नंदी लेकाले जाते, लेकाचा नातीले. धामणखेड्याचा एकूणएक नंदी मी ओळखते. चवथीच जागा कैलासच्या पोरीची, सुरभीची, हातात तोच सागवानाचा एकशिंग्या नंदी. त्याले पाहून मी हसली. पुढं गेली अन् थबकली. हे नंदी कुठले? मान उंच, चाकं मोठे, डोळ्याले काळी दुहेरी रेघ. ही रेघ मी लहानपणापासून पाहात आली. हे अल्लीपूरच्या सुताराचं काम होये. मी अल्लीपूरची लेक, मले कोण फसवते?

"कोणाचा रे तू?" एकाले विचारलं.

"मामाच्या गावाले आलो."

पुढचा, "आत्याच्या घरी आलो." त्याच्या पुढची, "मोठ्या मायच्या इथं." अर्धी रांग पाहुण्याइची! पाहुणे काढले तरी गावचे नंदी बरेच होते, पण त्यातल्या एका पोट्ट्याच्या तोंडून निघून गेलं का बहुतेक जण या शाळेत नाईत. ते रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधी बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात.

मी कैलासले मंडपामागं ओढलं. "हे काय रे?"

"बाई, एकडाव चूप राहा," तो हात जोडून म्हणला. "सर्व्याइनं आपापल्या बहिणी-भावाइले फोन केलते, पोट्टे धाडा म्हणून. शाळा वाचते ना जी. तुमचीच शाळा."

"अन् तीस सप्टेंबरले पट मोजतीन तवा?"

"तवाचं तवा पाहू."

मी काही बोलाच्या आधीच तो मंडपात गेला अन् भोंग्यावर म्हणला, "साहेब, पाहा! हे आमच्या शाळेचे पोट्टे!"

टाळ्या पडल्या. आदेश साहेब उभे राह्यले, खुश. "कोण म्हणतं इथं मुलं नाहीत? मी आजच लिहितो, ही शाळा बंद करायचं कारण नाही. बाई, तुमचा निकाल सांगा."

अन् माइक माह्या हातात आला.

आता पाहा माही गत. चूप राह्यली तं शाळा निदान महिनाभर तरी वाचते. बोलली तं माह्याच तोंडानं ते बंद होते, अन् ज्या गावानं मले भाकर देल्ली त्या गावाचं नाक साहेबासमोर कापल्या जाते. समोर सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं. बायाइनं पदर तोंडाले लावले. पण या लोकाइनं मले मोठं केलं ते कायच्यावर? एवढ्यावरच का बाई कोणाचीच सोयरी नाई. तेच विकून शाळा कशी घेऊ?

"निकाल मंग," मी म्हणली. "आधी बाहेरगावून आलेल्या पाहुण्याइचा मान. अल्लीपूर-समुद्रपूरचे, मामाकडं आत्याकडं आलेले सारे पोट्टे इकडं या. याइले सर्वात आधी बोजारा द्या, अन् चांगला द्या, दूरून आले बिचारे."

कैलासनं डोक्याले हात लावला. साहेबाचं हसू तिथंच वाळलं. अर्धी रांग सरकून इकडं आली.

"आता आपल्या या शाळेचे पोट्टे तोरणाखाली. अन् व्हॅननं जाणारे टाकीकडं."

तोरणाखाली मूठभर उभे राह्यले. टाकीकडं दाटी झाली.

मंग मले आवरलं नाई. "काखेत कळसा अन् गावाले वळसा! घरात एवढे पोट्टे असून लोकाचे उसने आणता? लाज नाई वाटत? साहेब, हे पाहा. धामणखेड्यात पोट्टे नाईत असं नाई. पोट्टे आहेत, शाळेत नाईत. लिहा तुमाले काय लिहाचं ते!"

तेवढ्यात बारीक आवाज आला. "बाई, मी कुठं उभी राहू?"

सुरभी. मैदानाच्या मधोमध, एकशिंग्या नंदीची दोरी धरून. "मी व्हॅननं जाते. पण बाबा म्हणले, आज शाळेची सांगजो."

कोणी तरी खुदकन हसलं अन् लगेच चूप झालं. मी कैलासकडं पाह्यलं. समितीचा अध्यक्ष! अन् स्वतःची पोरगी व्हॅनमधी! मी तोंड उघडलं, पण त्यानंच आधी उघडलं.

"काय पाह्यता बाई?" त्याचा आवाज फाटला. "चार वर्ग अन् धीरज गुरुजी एकटे. मीटिंग असली का शाळा अंगणवाडीच्या बाईच्या भरोशावर. दुसरा गुरुजी द्या म्हणून मी किती खेपा घातल्या हे विचारा. मी अध्यक्ष आहो, पण बापबी आहो ना. पोरीचं वर्ष वाया घालू काय शाळेच्या मायेपाई?"

मी हेच विधानसभेत बोलली होती, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. त्या दिवशी कोणी ऐकलं नाई, अन् आज हा माहा पोरगा माह्याच शब्दात मले सांगून राह्यला. राग कुठच्या कुठं गेला. मले त्याले जवळ घ्यावं वाटलं.

"साहेब, दुसरा गुरुजी मिळते काय?"

आदेश साहेब खाली मान घालून म्हणले, "खोटं बोलणार नाही, बाई. शिक्षक पटावर मिळतो. तीस सप्टेंबरचा पट बघूनच जागा ठरते."

"म्हणजे पट नाई म्हणून गुरुजी नाई, अन् गुरुजी नाई म्हणून पट नाई. बैल घाण्याले जुंपल्यावानी गोल गोल." मी दम घेतला. "बरं. समितीनं ठराव केला तं बाहेरचं मानूस फुकट शिकवू शकते काय?"

"स्वयंसेवक म्हणून? हो, शिकवू शकतं. पण रोज कोण येणार इथवर?"

"मी येईन. आमदारकीनं मले पेन्शन देल्ली अन् एस.टी.चा फुकट पास देल्ला. पेन्शन तं खाऊन राह्यली, पास तसाच पडून आहे."

अण्णाजीनं बाजूच्याले विचारलं, "काय म्हणते बाई?" त्यानं कानात सांगितलं. म्हातारं काठीवर जोर देऊन उठलं. "ठराव कायले पाह्यजे लिहाले? बाई शिकवाले येते म्हणते. ज्याले मंजूर त्यानं हात वर करा."

अन् हात वर झाले. मंडपातले, झाडाखालचे, बायाइचे, नंदी काखेत धरून पोट्ट्याइचेबी. पाच वर्षांत मुंबईले माह्या एका मागणीवर एवढे हात वर नाई झाले. मले समोरचं दिसेनासं झालं. मी चष्मा पुसला अन् खेकसली, "हात वर करणं सोपं आहे! पोट्टे धाडा, तवा खरं!"

आदेश साहेब निघताना म्हणले, "मी जे पाहिलं ते लिहितो. मुलं गावात आहेत, तीस तारखेपर्यंत थांबावं, असंही लिहितो." मानूस खरा निघाला. त्याचेबी आभार.

अन् हो, निकाल राह्यलाच. पह्यला नंबर मी अल्लीपूरच्या एका पोट्ट्याले देल्ला. नंदी चांगला होता, मी काय करू? गाव म्हणे, बाईनं आज माहेराले नंबर देल्ला. म्हणू द्या.

पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या दिवशी मी पह्यली गाडी धरली. कंडक्टरनं पास पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, पुन्हा पास पाह्यला. "कुठं जी, मॅडम? सभा आहे काय?"

"शाळा आहे," मी म्हणली.

धीरज गुरुजीनं मले पह्यली-दुसरीची खोली देल्ली. तोच फळा, वर नवा रंग. होते तेवढे पोट्टे सतरंजीवर बसले. बाहेर पिवळी व्हॅन आली अन् हॉर्न वाजवू लागली. मी खिडकीकडं पाठ केली. पाहाचंच नाई ठरवलं. तेवढ्यात एक पोट्टं दारात आलं, गळ्यात इंग्रजी शाळेचा टाय. मंग दोघं भाऊबहीण. मंग पुन्हा एक. पण मले मालूम होतं, हे पुरत नाईत. धामणखेड्याची रीत आहे, अण्णाजीच्या घरचं पाऊल जिकडं पडते तिकडं गाव जाते. अन् त्या घरचं कोणी आलं नोतं.

व्हॅनचा हॉर्न वाजतच राह्यला. मंग बंद झाला अन् गाडी गेल्याचा आवाज आला. मी पोट्ट्याइले कविता म्हणाले लावली अन् स्वतः फळ्याकडं तोंड करून उभी राह्यली.

"बाई, आत येऊ?"

हा आवाज मी पहिलीपासून ओळखते. वळून पाह्यलं तं दारात कैलास. केस पिकले बावाचे, पण उभा तसाच, एका पायावर भार देऊन, जसा तवा उभा राहे. त्याच्या बोटाले सुरभी, पाठीवर दप्तर.

मले रडू येत होतं म्हणून मी आवाज चढवला. "उशीर काऊन झाला?"

"व्हॅनवाल्याले नाई म्हणाले टाइम लागला, बाई. साऱ्या गल्लीच्या वतीनं सांगून आलो."

"बरं. या आत. बसा."

सुरभी पळत येऊन सतरंजीवर बसली. अन् कैलास, समितीचा अध्यक्ष, चपला दारात काढून तिच्या बाजूले खाली बसला.